विश्लेषण : देवाचं प्रेम कमवावं लागतं का? पंडिता रमाबाईंना उत्तर सापडायला ३३ वर्षं का लागली?

पुराणं पाठ होती, तीर्थयात्रा झाल्या होत्या, पुढे बाप्तिस्माही झाला. तरीही देव आपल्यावर प्रेम करतो, याची खात्री रमाबाईंना पटत नव्हती. ती १८९१ मध्ये पटली. त्याआधी आणि त्यानंतर काय घडलं, ते समजून घेऊ.

सावर्डे : मुंबई-गोवा महामार्गावरून सावर्डे सोडून दक्षिणेकडे निघालं की संगमेश्वर लागतं आणि तिथून आत वळलं की देवरुख. या देवरुखच्या जोशींच्या घरातली गोदूबाई बालपणीच विधवा झाली होती. १८८९ मध्ये ती मुंबईत नव्यानेच उघडलेल्या एका शाळेत दाखल झाली. त्या शाळेतली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि महाराष्ट्र तिला बाया कर्वे म्हणून ओळखू लागला.

ही शाळा म्हणजे शारदा सदन आणि ती काढणाऱ्या होत्या पंडिता रमाबाई. रमाबाईंच्या शिक्षणकार्याबद्दल शाळेच्या पुस्तकात दोन ओळी असतात. त्यांच्या धर्मांतरावर आजही वाद होतो. पण या दोन्हींच्या मुळाशी असलेला प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. तो प्रश्न असा : देवाला मी, एक बाई म्हणून, आहे तशी चालते का? की आधी काहीतरी करून दाखवावं लागतं?

चर्चमध्ये नियमाने जाणाऱ्या अनेक कॅथलिक बायकांच्या मनातही हाच प्रश्न असतो. रमाबाई स्वतः कॅथलिक नव्हत्या. मात्र या प्रश्नाशी इतकी वर्षं झगडलेली आणि ते सगळं लिहून ठेवलेली त्यांच्याइतकी ठळक बाई मराठी मुलखात दुसरी सापडत नाही.

लहानपणी त्यांना देव कसा भेटला?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. ठिकाण, सह्याद्रीतलं गंगामूळ. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे मूळचे कोकणस्थ घराण्यातले, संस्कृतचे मोठे विद्वान. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्रीमंडळी नाराज झाली. आईने तेच संस्कृत रमाला शिकवलं. लहान वयातच हजारो श्लोक तिला तोंडपाठ झाले.

पुढे घर कर्जात गेलं, जमीन गेली. कुटुंब पुराण सांगत गावोगावी फिरू लागलं. देवळात बसून पुराण वाचायचं, लोक देतील त्यावर भागवायचं, उरलेलं ब्राह्मणांना दान करायचं, उपास करायचे, पुढच्या तीर्थाला जायचं. पुण्य जमा होत राहिलं की देव प्रसन्न होईल, यावर वडिलांचा पूर्ण विश्वास होता.

१८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि हे सगळं कोसळलं. जवळचे पैसे, भांडी, कपडे संपले. मजुरी करायला लाज वाटत होती आणि मागायची सवय नव्हती. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आई शेवटच्या आजारात असताना रमा शेजारच्या घरी भाकरीचा तुकडा मागायला गेली, पण शरमेने तोंडातून शब्द फुटेना. त्या बाईने न मागताच बाजरीची भाकरी दिली. ती घेऊन मुलं परतली, पण आईला घास गिळता आला नाही.

रमा आणि भाऊ श्रीनिवास दोघंच उरले. दोघं देशभर हजारो मैल पायी फिरले. पंजाबात झेलमच्या काठी थंडी सहन होईना, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि मानेपर्यंत वाळू ओढून रात्र काढली. इतकं करूनही देव कुठे दिसला नव्हता. विश्वास तिथेच सैल होऊ लागला, असं त्यांनी पुढे आपल्या आत्मकथनात नोंदवलं आहे.

कोलकात्यात सन्मान मिळाला, मग बिनसलं कुठे?

१८७८ मध्ये भावंडं कोलकात्याला पोहोचली. विशीतली मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, हे पाहून तिथले पंडित चकित झाले. तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. बायकांसमोर धर्मावर व्याख्यानं द्या, असा आग्रह झाला. त्यासाठी रमाबाईंनी धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचायला घेतले.

हे वाचनच निर्णायक ठरलं. ग्रंथांमध्ये परस्परांत शेकडो मतभेद होते, पण स्त्रियांविषयी त्यांचं जवळपास एकमत आहे, असं त्यांच्या लक्षात आलं. स्त्री स्वभावतः वाईट आणि पतीची सेवा हाच तिच्या मोक्षाचा मार्ग. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत दिली तेव्हाही स्त्रीने वेद वाचावा का, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिलाच.

सोप्या भाषेत सांगायचं तर, ज्या खात्यात आईवडील आयुष्यभर पुण्य भरत होते, ते खातं आपल्या नावावर उघडताच येत नाही, हे त्यांना समजलं. हे रमाबाईंचं वाचन होतं. भक्तिपरंपरेत मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई यांनी देवाशी थेट नातं जोडलं होतं, हेही इथे लक्षात ठेवायला हवं. मात्र रमाबाई वाढल्या त्या शास्त्री घराण्यात ग्रंथ प्रमाण होता.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बंगाली वकील बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वेगळी जात, वेगळा प्रांत, त्यामुळे गदारोळ झाला. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या सुरुवातीला पटकीने नवरा गेला. वयाच्या २४ व्या वर्षाआधीच रमाबाई विधवा झाल्या. नवऱ्याच्या पुस्तकांमध्ये त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. ख्रिस्ती विचारांशी ओळख झाली ती तिथून.

बाप्तिस्मा कधी आणि का घेतला?

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यात आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं आणि शिक्षणविषयक हंटर आयोगासमोर साक्ष दिली. पुण्यातच त्यांची वाँटेजच्या सिस्टर्सशी ओळख झाली. हा इंग्लंडच्या चर्चमधला, म्हणजे अँग्लिकन संघ. मात्र व्रतस्थ जीवन, प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळा, कडक शिस्त हे सगळं कॅथलिक कॉन्व्हेंटसारखं.

१८८३ मध्ये छोट्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकीय शिक्षण घेण्याचा विचार होता, पण ऐकू कमी येत असल्याने तो सोडावा लागला. सोबत आलेली मैत्रीण आनंदीबाई भगत हिने तिथे आत्महत्या केली. तो धक्का ताजा असतानाच २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

त्यांच्या सांगण्यानुसार दोन गोष्टी निर्णायक ठरल्या. पहिली, पुण्याचे फादर नीळकंठशास्त्री गोरे यांचं लेखन. गोरे स्वतः ब्राह्मण पंडित आणि धर्मांतरित, त्यामुळे त्यांचा युक्तिवाद रमाबाईंना समजेल अशा भाषेत होता.

दुसरी गोष्ट लंडनच्या फुलहॅम भागातली. सिस्टर्स तिथे समाजाने टाकलेल्या बायकांसाठी आश्रम चालवत. अशा बायकांना आजारी माणसाइतक्या हळुवारपणे वागवलेलं रमाबाईंनी आयुष्यात प्रथमच पाहिलं. हे असं का, असं विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. पाच नवरे झालेली, गावाने टाळलेली ती बाई विहिरीवर येते आणि येशू तिच्याशी धर्मातल्या सगळ्यात खोल विषयावर बोलतो. देव अशा बाईला हाकलत नाही, हे रमाबाईंच्या मनात बसलं.

बाप्तिस्म्यानंतर प्रश्न सुटला का?

नाही. उलट नवे प्रश्न सुरू झाले.

सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. दोघींमधला पत्रव्यवहार पुढे प्रसिद्ध झाला आहे. त्यात माया आहे आणि कडाक्याचे वादही आहेत. त्रैक्याचा सिद्धान्त, येशूचं देवत्व, चर्चचा अधिकार, प्रत्येक मुद्द्यावर रमाबाई पुरावा मागत. क्रॉसवर लॅटिन अक्षरंच का, संस्कृत का नकोत, हाही त्यांचा आक्षेप. त्या शाकाहारी राहिल्या, अंडं घातलेलं पुडिंगही खात नसत. सिस्टरांना यात अहंकार दिसे.

वादाचा गाभा आज्ञाधारकपणाचा होता. एका व्यवस्थेतून बाहेर पडून दुसऱ्या व्यवस्थेपुढे मान तुकवायची नाही, हा रमाबाईंचा पवित्रा. ही भूमिका आजच्या वाचकाला आवडते. पण त्याच काळातली दुसरी बाजू त्यांनी स्वतःच नंतर मान्य केली. त्यांचा विश्वास बुद्धीच्या पातळीवर होता. धर्म पटला होता, पण आपल्यावर कुणी प्रेम करतंय ही जाणीव नव्हती.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचं. १८८७ मध्ये त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं. बोस्टनमध्ये त्यांच्या नावाने संस्था उभी राहिली आणि तिने विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं मदत द्यायचं ठरवलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हललं.

बाहेरून पाहता सगळं यशस्वी होतं. आतून मात्र त्या अस्वस्थ होत्या.

१८९१ मध्ये नेमकं काय घडलं?

कुठलाही चमत्कार नाही, दृष्टान्त नाही. रमाबाईंनी एक पुस्तक वाचलं. विल्यम हॅसलम हे इंग्लंडमधले धर्मगुरू. अनेक वर्षं पाळकपण केल्यावर, स्वतःचंच प्रवचन देता देता आपल्याला खरा विश्वास कधी नव्हताच, असं त्यांना उमगलं होतं. हा त्यांचा आत्मकथनपर ग्रंथ होता.

तो वाचताना रमाबाईंना स्वतःची अवस्था दिसली. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली होती. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ख्रिस्ताला मात्र नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. बाप्तिस्मा, उपासना, नियम, चांगली कामं या सगळ्यांच्या जोरावर आपण देवापुढे उभं राहू पाहत होतो. म्हणजे वडिलांनी तीर्थांवर जे केलं, तेच आपण चर्चमध्ये करत होतो. ग्रंथ बदलला होता, हिशेब तोच राहिला होता.

मग त्यांनी तो हिशेब बंद केला. क्षमा ही देणगी आहे, ती कष्टाने मिळत नाही, फक्त घ्यायची असते, इतकी साधी गोष्ट त्यांनी स्वीकारली. विद्वत्तेचा जिथे उपयोग नाही अशी ही गोष्ट आहे. एखाद्या पंडितेला ती अवघड जावी आणि निरक्षर बाईला सहज कळावी, हे त्यांना फार महत्त्वाचं वाटलं. याचा परिणाम पुढे त्यांच्या बायबलच्या भाषांतरात दिसतो.

कॅथलिक परंपरा याबद्दल काय सांगते?

हाच प्रश्न जवळपास त्याच वर्षांत फ्रान्समधली एक कॅथलिक तरुणी सोडवत होती. लिजूच्या कार्मेल मठातली तेरेझा. आपल्याकडच्या चर्चमध्ये ती ‘लिटल फ्लॉवर’ म्हणून ओळखली जाते. जन्म २ जानेवारी १८७३, मठात प्रवेश १५ व्या वर्षी, क्षयाने मृत्यू ३० सप्टेंबर १८९७ रोजी, वय २४.

तिच्या काळी फ्रान्समधल्या अनेक कॅथलिक घरांत देव म्हणजे कडक न्यायाधीश अशी भीती होती. काही जोगिणी देवाच्या न्यायापुढे स्वतःला बळी म्हणून अर्पण करत. तेरेझाने ९ जून १८९५ रोजी स्वतःला अर्पण केलं ते त्याच्या दयाळू प्रेमाला.

तिची उपमा लक्षात राहण्यासारखी आहे. श्रीमंतांच्या घरी तेव्हा लिफ्ट नव्याने आली होती. पवित्रतेचा जिना चढायला आपण फार लहान आहोत, तेव्हा येशूचे हात हीच आपली लिफ्ट, असं तिने मांडलं. वर जाण्यासाठी मोठं व्हायची गरज नाही, उलट लहानच राहायचं.

आणखी एक मुद्दा महत्त्वाचा. आयुष्याच्या शेवटच्या दीड वर्षात तेरेझाला प्रार्थनेत काहीच जाणवत नव्हतं, सगळा अंधार होता. तरीही तिने भरवसा सोडला नाही. प्रेमाची जाणीव म्हणजे रोज गहिवरून येणं नव्हे, हे तिच्या आयुष्यातून कॅथलिक बायका शिकतात. कॅथलिक चर्चने तिला १९२५ मध्ये संत घोषित केलं. १९२७ मध्ये जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बरोबरीने तिला मिशनकार्याची आश्रयदाती केलं आणि १९९७ मध्ये ‘चर्चची आचार्य’ ही पदवी दिली.

एक प्रोटेस्टंट विचारांकडे झुकलेली मराठी विधवा, दुसरी मठात राहणारी फ्रेंच जोगीण. दोघींचा एकमेकींशी संबंध नव्हता. चर्च, संस्कार, संत यांविषयी दोघींची मतं वेगळी. पण देवाचं प्रेम आधी येतं आणि आपली करणी नंतर, या जागी दोघी पोहोचल्या.

मग १८९३ चा वाद काय होता?

ही बाजू टाळून रमाबाई समजत नाहीत. शारदा सदन सुरू झालं ते धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या अटीवर. न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार होती. १८९१ नंतर रमाबाईंच्या सकाळच्या प्रार्थनेत काही मुली येऊन बसू लागल्या. खोलीचं दार उघडं असे. मी कुणाला बोलावत नाही, पण माझी प्रार्थना लपवणारही नाही, अशी त्यांची भूमिका होती.

‘केसरी’ने कडाडून टीका केली. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकारांच्या म्हणण्यात तथ्य होतं. निराधार, अल्पवयीन मुलींवर आश्रय देणाऱ्या बाईचा प्रभाव पडणारच, मग तिथे निवड कितपत मोकळी राहते? दुसरीकडे, सदनात राहूनही अनेक जणी हिंदूच राहिल्या. देवरुखची गोदूबाई हे त्याचं ठळक उदाहरण. वाद पेटला होता त्याच वर्षी ११ मार्चला तिचं कर्व्यांशी लग्न झालं. कर्व्यांनी पुढे हिंगण्याला विधवांसाठी आश्रम काढला, तो धर्मांतराचा आक्षेप येणार नाही अशा रीतीने.

केडगावात काय उभं राहिलं?

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना स्वतःचे उपाशी दिवस आठवले. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून पुण्याजवळ केडगावला घेऊन ठेवलेल्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. तेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड हजारांच्या पुढे गेली.

विहिरी खणल्या गेल्या. शेती, गोठा, विणकाम, तेलघाणी, छापखाना सुरू झाला आणि सगळी कामं बायकाच करत. अंध मुलींसाठी मनोरमेने ब्रेल शिकून वर्ग चालवला. ‘कृपा सदन’ हा वेगळा विभाग समाजाने वाळीत टाकलेल्या बायकांसाठी होता. फुलहॅमला पाहिलेली गोष्ट त्यांनी दौंड तालुक्यात उभी केली.

१८९८ मध्ये बोस्टनच्या मदतीची पहिली मुदत संपली आणि त्यानंतर मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था झाली. १९०५ मध्ये तिथल्या प्रार्थनांना एकदम उधाण आलं. बायका मोठ्याने, रडत, हात वर करून प्रार्थना करू लागल्या. काही परदेशी मिशनऱ्यांना हे शिस्तीत बसत नाही असं वाटलं. भारतीय बायकांनी आपल्या पद्धतीने देवाशी बोलावं, अशी रमाबाईंची भूमिका होती.

शेवटची वर्षं कशी गेली?

शेवटची सुमारे १५ वर्षं एका कामात गेली. बायबलचं मराठी भाषांतर. उपलब्ध भाषांतरं संस्कृतप्रचुर आहेत, खेड्यातल्या बाईला कळत नाहीत, असं त्यांचं मत होतं. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. हजारो संस्कृत श्लोक पाठ असलेली पंडिता मुद्दाम सोपं मराठी लिहायला बसली. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम मुक्तीतल्या बायकांनी केलं.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. मुक्तीचं काम तीच पुढे नेणार, असं सगळे धरून होते. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता एकुलती मुलगी. लहानपणीच्या हिशेबाने पाहिलं तर देव कोपला, असंच म्हणावं लागलं असतं. रमाबाईंनी तसं मानलं नाही. त्यांनी मुद्रितं तपासण्याचं काम सुरूच ठेवलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

थोडक्यात महत्त्वाचं

- १८५८ : गंगामूळ येथे जन्म
- १८७८ : कोलकात्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ पदव्या
- १८८३ : वाँटेज येथे बाप्तिस्मा
- १८८९ : मुंबईत शारदा सदन
- १८९१ : विश्वासातला निर्णायक बदल
- १८९३ : पुण्यातला वाद, सल्लागारांचे राजीनामे
- १८९६-९७ : दुष्काळ, केडगावला मुक्ती सदन
- १९२२ : निधन
- १९८९ : भारत सरकारचं टपाल तिकीट

रमाबाईंचा मार्ग प्रत्येकाला पटेल असं नाही. पण त्यांची नोंद उपयोगी आहे. रोज प्रार्थना करूनही आपण देवाला पुरे पडत नाही, असं ज्या बाईला वाटतं, तिला त्या एवढंच दाखवून देतात की कमतरता कदाचित तिच्या भक्तीत नसून तिने धरलेल्या हिशेबात असेल. आईसाठी भाकरी मागायला गेलेल्या त्या मुलीच्या तोंडून शब्दही निघाला नव्हता. तरी भाकरी मिळाली होती.